हिप-हॉपमधील स्त्रीवेश : स्टायलिस्टच्या कर्तृत्वाचा प्रश्न

अमेरिकन हिप-हॉपमधील स्त्री-कलावंतांच्या वेशाविषयी समीक्षेत दोन मते वारंवार आढळतात. एका मतानुसार तो पुरुषी नजरेसाठी केलेला शृंगार होय. दुसऱ्या मतानुसार तो कलावतीच्या स्वत्वाचा उद्गार होय. परस्परविरोधी भासणाऱ्या या मतांचे गृहीतक मात्र एकच आहे. वेशाचा अर्थ तो परिधान करणारीपाशीच शोधावयाचा, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. वेश योजणारी स्टायलिस्ट दोन्हीकडे अनुपस्थित राहते.

मिसा हिल्टन यांच्या कामामुळे हे गृहीतक अडचणीत येते. १९९० च्या दशकाच्या आरंभी मेरी जे. ब्लाइज यांच्यासाठी त्यांनी सैल कपडे, टोपी व जड बूट असा रस्त्यावरचा वेश योजला. पुढे लिल किम यांचे फर, रंगीत केसांचे टोप आणि १९९९ च्या एमटीव्ही पुरस्कार सोहळ्यातील, एक वक्ष केवळ चिकटपट्टीने झाकणारा जांभळा पोशाख हेही हिल्टन यांचेच. पहिला वेश ‘प्रामाणिक’ आणि दुसरा ‘बाजारू’ ठरविणाऱ्यांनी या दोहोंमागे एकच स्त्री आहे, याची दखल घ्यावयास हवी होती.

‘क्रश ऑन यू’ (१९९७) या गाण्याच्या व्हिडिओत किम यांचा टोप, फर आणि भोवतालचा देखावा एकाच रंगात रंगतो व पुनःपुन्हा पालटतो. ही कल्पना ‘द विझ’ (१९७८) या कृष्णवर्णीय कलावंतांच्या चित्रपटावरून सुचलेली आहे. तेथे शासकाच्या आज्ञेसरशी अवघ्या नगरीचा रंग बदलतो. येथे रंगाचे केंद्र एक तरुणी आहे. वेशाने केलेला हा सत्ताबदल गीताच्या शब्दांत शोधून सापडणार नाही.

त्याच वर्षी जून अँब्रोज यांनी मिसी एलियट यांना ‘द रेन’ या गाण्यासाठी हवा भरलेला काळा, चकचकीत पोशाख दिला. स्थूल देह झाकण्याची ही युक्ती होती, असे म्हणणे मला पटत नाही. जो देह लहान दिसावा अशी अपेक्षा, तोच येथे पडदा व्यापतो. एमटीव्हीवर अशा व्हिडिओंसोबत दिग्दर्शकाचे नाव झळके, स्टायलिस्टचे नसे.

अर्थात, स्टायलिस्टला श्रेय दिल्याने वेश निर्दोष ठरत नाही. तिचे कामही ध्वनिमुद्रण कंपनीच्या पैशावर चाले आणि खपाचे गणित तिलाही सुटलेले नव्हते. किंबहुना म्हणूनच तिच्या निवडींचे परीक्षण कलावतीच्या निवडींइतकेच काटेकोर व्हावयास हवे. लिसा कोर्टेस व फराह एक्स यांच्या ‘द रीमिक्स : हिप हॉप एक्स फॅशन’ (२०१९) या माहितीपटात हिल्टन मध्यवर्ती आहेत; जांभळ्या पोशाखाला तेव्हा वीस वर्षे झाली होती.