निसर्गनिष्ठेची मोजपट्टी आणि भाषेचा प्रश्न

विद्यार्थ्यांची निसर्गाविषयीची वृत्ती प्रश्नावलीच्या साहाय्याने मोजावी आणि निरनिराळ्या देशांतील मापे शेजारी ठेवून त्यांतून सांस्कृतिक निष्कर्ष काढावेत, ही संशोधनपद्धती गेल्या काही दशकांत चांगलीच रूढ झाली आहे. तिची प्रमुख साधने तीन म्हणता येतील. पहिले, रायली डनलॅप व केंट व्हॅन लिअर यांनी १९७८ मध्ये सिद्ध केलेली व २००० साली सुधारून १५ विधानांची झालेली श्रेणी. दुसरे, वेस्ली शुल्ट्झ यांची २००२ ची वर्तुळांची चाचणी. आणि तिसरे, मेयर व फ्रांट्झ यांची २००४ ची १४ विधानांची संलग्नता-श्रेणी. ही साधने ज्या समाजात निर्माण झाली तेथील त्यांची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. भाषांतरित होऊन ती दुसऱ्या समाजात जातात तेव्हा नेमके काय मोजतात, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

पहिली अडचण ‘नेचर’ ह्या शब्दाचीच आहे. हिंदी भाषांतरकार त्यासाठी सहजच ‘प्रकृति’ योजील. मराठीत तोच शब्द प्रथम शरीरस्वास्थ्याचा बोध करून देतो. व्याकरणात प्रकृती म्हणजे प्रत्ययापूर्वीचे मूळ रूप, तर सांख्यदर्शनात पुरुषाहून भिन्न असे तत्त्व. ‘निसर्ग’ हा शब्दही संस्कृतात मुख्यतः मूळ स्वभाव ह्या अर्थाचा. ‘निसर्गतः’ ह्या अव्ययात तो अर्थ अद्याप शिल्लक आहे. डोंगर, झाडे, पाणी व पशुपक्षी यांना एकत्र कवेत घेणारा त्याचा आजचा अर्थ आधुनिक काळात, बव्हंशी इंग्रजी वाङ्मयाच्या सहवासात स्थिरावला. हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. जपानी भाषेतील ‘शिझेन’ हा शब्द पूर्वी ‘आपोआप, सहजपणे’ अशा अर्थाचा होता. पाश्चात्त्य शब्दाचा प्रतिशब्द म्हणून मेजी काळात तो कसा वळला, याची चिकित्सा यानाबु आकिरा यांनी केली आहे.

भाषांतराची शुद्धता पारखण्यासाठी संशोधक सामान्यतः उलट भाषांतराचा आधार घेतात. १९७० साली ब्रिस्लिन यांनी पुरस्कारिलेली ही रीत आता सर्वमान्य आहे. परंतु ‘नेचर’चा ‘निसर्ग’ व्हावा आणि ‘निसर्गा’चे पुन्हा ‘नेचर’ व्हावे, एवढ्याने दोन्ही शब्दांचा व्यवहारातील विस्तार एक ठरत नाही. कोशगत जोडी सुरक्षित परतते आणि फरक जागच्या जागी राहतो. खेड्यातून आलेला विद्यार्थी दैनंदिन बोलण्यात निसर्ग म्हणत नाही; तो रान, शिवार, माळ, ओढा, गायरान म्हणतो. ह्या प्रत्येक शब्दात माणसाचा काही संबंध आधीच गृहीत असतो. गायरानात चराईचा हक्क आहे, शिवारात गावाची सीमा आहे, देवराईत कुऱ्हाडीला मनाई आहे. ‘निसर्गाशी आपले नाते किती जवळचे?’ असे विचारताना हे सारे संबंध पुसून एक सामान्यनाम त्याच्या हाती दिले जाते, आणि मग त्या सामान्यनामाविषयीची त्याची आत्मीयता मोजली जाते.

दुसरी अडचण विधानांच्या आशयाची आहे. आपल्या गरजेप्रमाणे नैसर्गिक परिसरात फेरफार करण्याचा मानवाला हक्क आहे, अशा आशयाचे एक विधान डनलॅप यांच्या श्रेणीत आहे. त्याला संमती देणारा उत्तरदाता मानवकेंद्री गणला जातो. आता कोकणातील भातशेतकऱ्याच्या मुलाचा विचार करावा. बांध घालणे, खाचर पाडणे, ऐन-किंजळाच्या फांद्या तोडून रोपासाठी राब भाजणे, हे त्याच्या घरचे वार्षिक कर्म. तो ह्या विधानाला होकार दिल्यावाचून राहील कसा? त्याच्या होकारात निसर्गावरील स्वामित्वाचा दावा आहे की उपजीविकेची साधी कबुली आहे, हे पाच पायऱ्यांच्या श्रेणीवरून कळण्याचा मार्ग नाही. शिवाय मूळ ‘राइट’ ह्या शब्दासाठी ‘हक्क’ऐवजी ‘अधिकार’ योजला, तर पात्रता व नैतिक सत्ता ह्या छटा येऊन उत्तर पालटण्याचा संभव आहे. पृथ्वीला अवकाशयानाची उपमा देणारे विधानही असेच आहे. बोल्डिंग यांच्या १९६६ च्या निबंधाने प्रसृत झालेली ती उपमा एका विशिष्ट दशकाची खूण आहे.

वर्तुळांची चाचणी शब्दांच्या पलीकडे जाते असे वाटते खरे. पण एका वर्तुळात ‘मी’ आणि दुसऱ्यात ‘निसर्ग’ अशी नावे घालावीच लागतात. दोन्ही आरंभी विलग असून कमीअधिक मिसळतात, हे रूपक चाचणीनेच पुरविलेले असते.

तिसरा प्रश्न शिक्षणाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्णयानंतर, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाच्या रूपाने, पर्यावरण हा विषय पदवी स्तरावर अनिवार्य झाला. ज्याने तो विषय परीक्षेसाठी वाचला आहे त्याला कोणत्या विधानाशी सहमत व्हावे हे ठाऊक असते. अशा वेळी गुणांक वृत्तीचा की पाठ्यपुस्तकाचा, हे सांगणे कठीण होते.

ह्याचा अर्थ भारतीय मन मुळातच निसर्गप्रेमी असून परकीय मापाला ते दिसत नाही, असा मात्र कोणी करू नये. ती चूक अधिक घातक आहे. लिन व्हाइट यांनी १९६७ साली पर्यावरणीय संकटाचे मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत शोधले, तेव्हा पौर्वात्य धर्मांकडे आशेने पाहणारे पुष्कळ निघाले. यी-फू तुआन यांनी १९६८ मध्येच चीनचे उदाहरण देऊन दाखविले की, निसर्गाविषयीची उदात्त वचने आणि प्रत्यक्ष जंगलतोड एकाच संस्कृतीत सुखेनैव नांदू शकतात. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात अभ्यासिलेल्या सह्याद्रीतील देवराया टिकल्या त्या देवतेच्या धाकाने व गावाच्या नियमाने. तो धाक व नियम जेथे ढळला तेथे केवळ प्रेमाच्या बळावर त्या उभ्या राहिल्या असत्या, असे मानण्यास आधार नाही.

तेव्हा करावयाचे काय? विधाने भाषांतरित करण्यापूर्वी उत्तरदात्यांचे शब्द गोळा करावेत. कोणत्या शब्दाशी कोणते कर्तव्य, भय वा हक्क निगडित आहे ते मुलाखतींतून पाहावे. आणि दोन भाषांतील श्रेणी एकच गोष्ट मोजतात हे सांख्यिकीय कसोटीवर सिद्ध झाल्यावाचून त्यांच्या सरासरींची तुलना करू नये. हा आग्रह केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा नाही. जव्हार किंवा अकोल्याच्या डोंगरातून वसतिगृहात आलेला विद्यार्थी श्रेणीवर खाली उतरला, तर त्याच्यात ‘जाणीवजागृती’ करावी अशी शिफारस ओघानेच येते. ज्याला पन्नास झाडे नावाने ओळखता येतात त्याला ‘निसर्गा’ची ओळख करून देण्याचे काम मग असा अध्यापक हाती घेईल, ज्याला त्यांतील पाचही ओळखता येणार नाहीत. मोजपट्टीतील दोष त्या विद्यार्थ्याच्या माथी मारण्याआधी आपण आपली भाषा तपासावी, हे उचित होय.