साडीवरचा शर्ट : संमिश्र वेशभूषाविषयक लेखनाची एक समीक्षा

प्रस्तावना

गेल्या काही दशकांत मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून ‘फ्युजन’ किंवा ‘इंडो-वेस्टर्न’ या नावाखाली वेशभूषाविषयक लेखन विपुल प्रमाणात प्रसिद्ध झाले आहे. जीन्सवर कुर्ता, साडीवर पोलक्याऐवजी पांढरा शर्ट, साध्या पँटवर खणाचे जाकीट अशा जोडण्या त्यातून सुचविल्या जातात. या लेखनाचे श्रेय प्रथमच मान्य केले पाहिजे. ठेवणीतील वस्त्र लग्नकार्यापुरते कपाटात न ठेवता रोजच्या वापरात आणावे, हा व्यवहारी विचार त्याने रुजविला. तथापि हे लेखन दोन गृहीतकांवर उभे आहे. असे मिश्रण ही नवी गोष्ट आहे, हे पहिले. आणि तो केवळ व्यक्तिगत अभिरुचीचा प्रश्न आहे, हे दुसरे. प्रस्तुत लेखात या दोन्ही गृहीतकांची तपासणी केली असून खानदेशातील कापूसवेचणीचा वेश हे त्यासाठी मुख्य उदाहरण म्हणून घेतले आहे.

मिश्रणाची परंपरा

पहिल्या गृहीतकाविरुद्ध आपली भाषाच साक्ष देते. ‘काज’ आणि ‘इस्त्री’ हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. ‘पाटलोण’ आणि ‘झंपर’ इंग्रजीतून. शब्द घरचे झाले, कारण वस्तू घरच्या झाल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धोतर, कोट, पगडी आणि पायांत बूट हा सुशिक्षित पुरुषाचा प्रतिष्ठित वेश ठरला. त्या वेशामुळे त्याच्या मराठीपणाविषयी शंका घेतली गेली नाही.

स्त्रीच्या बाबतीत मात्र निकष निराळा होता. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस जाण्यापूर्वी आनंदीबाई जोशी यांना बंगालमधील सेरामपूर येथील जाहीर भाषणात आपण आपला धर्म, आहार आणि वेश सोडणार नाही, अशी ग्वाही द्यावी लागली. परदेशी शिकावयास निघालेल्या पुरुषालाही समाजाचा रोष पत्करावा लागे. परंतु त्याच्या अंगावरील कोट हा वादाचा विषय नव्हता.

जातीच्या संदर्भात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभास महात्मा फुले हेतुपूर्वक शेतकऱ्याच्या वेशात गेले. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना जातीची ओळख सांगणारे दागिने टाकून देण्याचा आणि लुगडे पूर्ण पायघोळ नेसण्याचा उपदेश केला. स्वतः बाबासाहेबांचा कोट-टाय हाही समतेचा उच्चारच होता. फुल्यांनी साधा वेश निवडला आणि आंबेडकरांनी पाश्चात्त्य. दिशा भिन्न असल्या तरी कोणी काय ल्यावे हे ठरविण्याचा समाजाचा अधिकार दोघांनीही नाकारला. वेश ही निव्वळ अभिरुची असती, तर या कृतींना अर्थच उरला नसता.

कापसाच्या शेतातील शर्ट

देवपूरहून कोणत्याही दिशेने धुळे शहराबाहेर पडले, की वेचणीच्या हंगामात एक दृश्य हमखास दिसते. डोक्याला रुमाल, अंगावर साडी, साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट आणि कमरेला कापसासाठी बांधलेली ओटी. पुरवणीच्या पानावर जी जोडणी ‘नावीन्यपूर्ण’ म्हणून दाखविली जाते, ती धुळे-जळगावच्या शेतांत मजूर स्त्रियांनी केव्हाच सिद्ध केली आहे.

या वेशाची रचना पाहण्यासारखी आहे. वाळलेल्या बोंडाची टोके हातांना ओरबाडतात, म्हणून पूर्ण बाह्या. सकाळची थंडी आणि दुपारचे ऊन एकाच कपड्याने निभवायचे, म्हणून सुती शर्ट. तो पदराला जागच्या जागी धरून ठेवतो आणि साडीला नसलेला खिसाही पुरवितो. मजुरी वेचलेल्या वजनावर मिळत असल्याने हात मोकळे राहणे हा पोटाचा प्रश्न असतो. उपयुक्ततेच्या कसोटीवर यापेक्षा निर्दोष मिश्रण सापडणे कठीण आहे.

तरीही या वेशाला कोणी ‘फ्युजन’ म्हणत नाही. शहरात जी शैली ठरते, तीच शेतात गरिबीची खूण ठरते. शिवाय हा शर्ट बहुधा पतीचा किंवा मुलाचा, वापरून विटलेला असतो. ज्या हातांनी कापूस वेचला, त्यांच्या वाट्याला त्याच कापसाचे वस्त्र उतरलेले म्हणून येते. या स्त्रीच्या जोडणीत बुद्धी आहे, परंतु निवड नाही. फॅशनविषयक लेखन निवडीची भाषा बोलते. निवड कोणाला उपलब्ध आहे, हे मात्र विचारत नाही.

औचित्याचा प्रश्न

हा प्रश्न शेतापुरता मर्यादित नाही. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पेहरावाविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत जीन्स आणि टी-शर्ट वर्ज्य ठरविले. पुरुषांसाठी शर्ट-पँट, तर स्त्रियांसाठी साडी किंवा ओढणीसह सलवार-चुडीदार कुर्ता सुचविला. म्हणजे पुरुषाचे औचित्य पूर्णतः पाश्चात्त्य वेशात आणि स्त्रीचे औचित्य भारतीय वेशात सामावले. शर्ट-पँट घातलेल्या शिक्षकास ‘तुमची संस्कृती कोठे गेली?’ असे कोणी विचारत नाही. परंपरा जपण्याचे काम न बोलता एकाच बाजूकडे सोपविले गेले आहे. आपल्या महाविद्यालयांतील पारंपरिक वेशभूषा दिनाचाही या दृष्टीने विचार व्हावयास हवा.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) भारतीय आणि पाश्चात्त्य वस्त्रांचे मिश्रण महाराष्ट्रात नवे नाही, नवे आहे ते त्याला शैली म्हणून मिळालेले नाव.
२) या मिश्रणाची मुभा लिंग, जात आणि वर्ग यांनुसार असमान राहिली आहे.
३) श्रमातून घडलेल्या वेशाची दखल घेतल्याशिवाय वेशभूषाविषयक समीक्षा पूर्ण होऊ शकत नाही.

साडीवर शर्ट शोभतो की नाही, याची चर्चा पुरवण्यांनी खुशाल करावी. अभ्यासकाने त्याआधी विचारावयाचा प्रश्न एवढाच, की तो शर्ट कोणाचा होता आणि तो घालणारीला दुसरा पर्याय होता काय.