हर्बर्टची पंगत

ख्रिस्ती संस्कारांवरील काव्यात विधीचे वर्णन पुष्कळ, अनुभूती विरळा. हॉपकिन्सने १८७९ साली एका बिगुलवाल्या पोराच्या प्रथम प्रभुभोजनावर कविता रचली. भाषावैभव विलक्षण, परंतु संस्कार देणारा धर्मगुरू कवी स्वतःच असल्याने घेणाऱ्याचे मन तीत दुरूनच दिसते. जॉर्ज हर्बर्टच्या ‘द टेंपल’मधील (१६३३) ‘लव्ह’ ही कविता मला याहून थोर वाटते. तीत ना वेदी, ना द्राक्षारस. यजमान बोलावतो, पाहुणा स्वतःच्या अपात्रतेने बिचकतो, निदान वाढपी होऊ पाहतो आणि शेवटी मुकाट्याने पानावर बसतो. आग्रहाची ही रीत आपणांस परिचित आहे. मात्र आपल्याकडे कोणी कोणत्या पंक्तीस बसावे, हे जन्मानेच ठरत असे. येथे पाहुण्याचा दोष यजमानाने आधीच स्वतःच्या माथी घेतला आहे.