मिशनयात्रेचे दोन वाचक

शास्त्री नदी समुद्रास मिळते त्या मुखाशी, दक्षिण बाजूच्या उंचवट्यावर जयगडचा किल्ला उभा आहे. समुद्रावरून जाणाऱ्या प्रवाशास तटबंदी, बुरूज, उतारावरचे माड आणि खाडीत नांगरलेली गलबते एवढे सहज दिसत असे. किल्ल्याचे बांधकाम काही केल्या तडीस जाईना, तेव्हा जयबा नावाचा मनुष्य आपखुशीने बळी जाण्यास सिद्ध झाला आणि त्याच्यावरून किल्ल्यास नाव पडले, ही तेथील आख्यायिका मात्र गलबतावरून ऐकू येत नाही. तिच्यासाठी किनाऱ्यावर उतरावे लागते, आणि सांगणाऱ्यास पाहुण्याविषयी विश्वास वाटेपर्यंत थांबावेही लागते. एकोणिसाव्या शतकात एखाद्या फिरत्या धर्मोपदेशकाच्या कानी ही कथा दोन दिवसांच्या मुक्कामात पडली असती, तर त्याच्या टिपणवहीत ती नरबळीची नोंद म्हणून गेली असती, हे त्या प्रकारच्या वाङ्मयाशी ज्याचा परिचय आहे त्यास वेगळे सांगावयास नको. गावच्या कथेतील जयबा स्वतः पुढे झालेला आहे. टिपणवहीतील जयबा मारला गेलेला असता. कथा तीच, परंतु ती कोणासाठी लिहावयाची हे ठरताच तिचा अर्थ बदलतो.

कोकणच्या ह्या किनाऱ्यास अशा टिपणवह्यांचा परिचय फार लवकर झाला. स्कॉटिश मिशनरी सोसायटीने १८२३ मध्ये जयगडच्या उत्तरेस बाणकोट येथे आपले काम आरंभिले आणि पुढे हर्णै हे दुसरे ठाणे केले. पहिले मिशनरी डोनाल्ड मिचेल हे त्याच वर्षी वारले. त्यांच्यामागून जेम्स मिचेल, क्रॉफर्ड, कूपर, स्टीव्हन्सन व नेसबिट ही मंडळी आली. १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन हे मुंबईस स्थायिक होण्यापूर्वी मराठी शिकण्यासाठी काही महिने ह्याच भागात राहिले. थोड्याच वर्षांत कामाचा भार मुंबई-पुण्याकडे सरकला आणि १८३५ मध्ये ही सर्व ठाणी चर्च ऑफ स्कॉटलंडच्या स्वाधीन झाली. संस्थेच्या दृष्टीने हा प्रकार अल्पजीवी ठरला. भाषेच्या दृष्टीने तो तसा ठरला नाही. स्टीव्हन्सन ह्यांचे मराठी व्याकरण १८३३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीस मराठी भाषेवरील टिपणे जोडणारे विल्सन हे हर्णैकडच्या शिक्षणाचे ऋणी होते. ज्यांनी थांबून भाषा शिकली त्यांचे लेखन आणि ज्यांनी केवळ दौरा केला त्यांचे लेखन ह्यांत भेद करणे म्हणूनच आवश्यक आहे. मिशनऱ्यांचे वाङ्मय म्हणून सरसकट एकच गठ्ठा बांधण्याची आपल्याकडील सवय अभ्यासास उपकारक नाही.

दौऱ्याच्या वृत्तांतांचे स्वरूप सामान्यतः ठरलेले असते. गावाचे नाव, देवळांची संख्या, बाजारात जमलेली गर्दी, वाटलेली पुस्तके, एखाद्या शास्त्र्याशी झालेला वाद व त्यात शास्त्री निरुत्तर झाल्याची नोंद, आणि अखेरीस अधिक साहाय्याची अपेक्षा. विल्सन ह्यांनी १८३० मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’सारख्या नियतकालिकांतून असे लेखन इंग्रजी वाचकापुढे जात असे. त्यात खोटे असते असे नाही. परंतु त्याचा वाचक वर्गणी देणारा आहे आणि तो दूर राहतो. ज्याच्याविषयी लिहिले तो मनुष्य ते वाचणार नाही, ही खात्री लेखकाच्या प्रत्येक वाक्यामागे उभी असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील चर्चमंडळ्यांतून आठ-पंधरा दिवसांच्या परदेशी मिशनयात्रांची जी प्रथा वाढली, तिच्यातील यात्रिकांनी स्वदेशी परतून आपल्या मंडळीपुढे करावयाच्या निवेदनाचा घाट पुष्कळसा हाच आहे. मुक्काम आखूड झाला; वाचक बदलला नाही.

ह्या घाटाची कसोटी लावण्यास मराठीत एक असामान्य उदाहरण उपलब्ध आहे, कारण त्यात प्रवासाची दिशा उलटी आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाच्या आश्रयाने; त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी तेथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅम येथे त्यांनी अध्ययन-अध्यापन केले, आणि धर्माच्या आज्ञेपुढे आपली बुद्धी गहाण टाकण्यास त्यांनी दिलेला नकार १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात पाहावयास मिळतो. १८८६ च्या आरंभी आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी, थोड्या दिवसांकरिता म्हणून, त्या फिलाडेल्फियास गेल्या. ते थोडे दिवस जवळजवळ तीन वर्षे झाले. व्याख्याने देत, मंडळ्या स्थापीत, विधवांच्या शाळेसाठी द्रव्य जमवीत त्यांनी तो विस्तीर्ण देश पालथा घातला, आणि जपानवरून १८८९ मध्ये त्या स्वदेशी परतल्या.

ह्या एकाच प्रवासातून दोन पुस्तके निर्माण झाली. पहिले इंग्रजी, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे, १८८७ मध्ये फिलाडेल्फियात निघाले, डॉ. रेचेल बॉडली ह्यांनी त्याची प्रस्तावना लिहिली. दुसरे मराठी, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’, १८८९ मध्ये मुंबईत निघाले. समीक्षकांनी बहुधा ह्या दोहोंचा स्वतंत्र विचार केला आहे: पहिल्याचा समाजसुधारणेच्या इतिहासात, दुसऱ्याचा प्रवासवर्णनांच्या यादीत. परंतु ती शेजारी ठेवून वाचल्याशिवाय कोणत्याही एकाचे मर्म हाती लागत नाही.

इंग्रजी पुस्तकाची रचना आवाहनाची आहे. बालपण, विवाह, वैधव्य अशा क्रमाने स्त्रीच्या आयुष्याच्या अवस्था येतात, धर्मशास्त्राची वचने साक्षीस उभी केली जातात, आणि सर्व विवेचन अखेर मदतीच्या मागणीपाशी येऊन थांबते. दौऱ्याच्या वृत्तांताचाच हा क्रम होय. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की येथे लिहिणारी स्वतः त्या समाजातील आहे, विधवा आहे, आणि संस्कृत ग्रंथ तिने मुळातून वाचलेले आहेत. तरीही वाचकाच्या दूरपणाचा परिणाम टळलेला नाही. त्या पुस्तकातील हिंदू स्त्री बहुतांशी सोसणारी आहे. रमाबाईंसारखी हिंडणारी, वाद घालणारी, नकार देणारी स्त्री त्या चित्रात मावत नाही. लेखिकेचे स्वतःचे अस्तित्व हेच तिच्या पुस्तकास सर्वांत मोठे उत्तर आहे, ही विसंगती अमेरिकन वाचकास जाणवली असो वा नसो, मराठी वाचकास जाणवणे अपरिहार्य होते.

मराठी पुस्तकाकडे वळताच हवा पालटते. लिव्हरपूलपासूनचा समुद्रप्रवास, राज्यव्यवस्था, घरगुती स्थिती, विद्या, धर्मपंथ व परोपकार, स्त्रियांची स्थिती, व्यापारधंदा अशी प्रकरणे त्यात आहेत. येथे पाहणारी हिंदू स्त्री आहे आणि पाहिला जाणारा विषय अमेरिकन समाज आहे. ज्या मिशनरी वाङ्मयात हिंदुस्थानातील पंथ, चालीरीती व स्त्रियांची दुर्दशा ह्यांचे वर्गीकरण केलेले असे, त्याचीच चौकट रमाबाईंनी उचलून पश्चिमेवर लावली. त्यांना त्या देशाविषयी आदर आहे. स्त्रियांच्या संघटना, विशेषतः मद्यपाननिषेधाची चळवळ, ह्यांचे वर्णन त्या विस्ताराने व उत्साहाने करतात. पण त्या देशाच्या मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय आणि काळ्या लोकांची गुलामगिरी ह्यांवर त्या पांघरूण घालीत नाहीत. स्वातंत्र्य मिळविलेल्या राष्ट्राची राज्यव्यवस्था १८८९ मध्ये मराठीत समजावून सांगणे ह्याचाही एक अर्थ होता, आणि तो सांगण्यासाठी लेखिकेस आवाज चढवावा लागला नाही.

ह्या पुस्तकाचे दोष झाकण्याचे कारण नाही. आकडे पुष्कळ ठिकाणी अनुभवावर कुरघोडी करतात. सरकारी अहवालांतून आलेली माहिती व डोळ्यांनी पाहिलेली वस्तुस्थिती ह्यांचा सांधा जुळत नाही. स्त्रियांच्या प्रगतीविषयी लिहिताना परीक्षकबुद्धी मागे पडते आणि कौतुक पुढे येते. आपल्या वाचकास ही माहिती उपयोगी पडावी ही तळमळ इतकी आहे की प्रवासातील प्रसंग ऐन रंगात असताना तोडले जातात. ललित प्रवासवर्णनाची अपेक्षा धरणारा वाचक येथे निराश होईल. तरीही दोन पुस्तकांतून एकच निवडावयाचे झाल्यास मराठी पुस्तक श्रेष्ठ ठरते. कारण त्यात कोणाकडे काही मागावयाचे नाही. मागणी नसली म्हणजे गद्य किती मोकळे होते, हे त्याची कोणतीही चार पाने सलग वाचणाऱ्यास पटेल.

इंग्रजी पुस्तक द्रव्याकरिता लिहिले म्हणून ते हीन, असा मात्र निष्कर्ष काढता येणार नाही. त्या द्रव्यावाचून शाळा निघाली नसती. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले, त्याने दहा वर्षे साहाय्याचे वचन दिले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. प्रश्न नीतीचा नसून वाचकाचा आहे: दूरच्या वाचकासाठी लिहिलेले घरच्या वाचकाच्या हाती पडले म्हणजे काय होते?

ह्याचे उत्तर फार दिवस दडून राहिले नाही. सदनातील काही विधवांचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे असल्याचा मजकूर न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात आला, तो अर्थातच तेथील सहानुभूतिदारांस सुखविणारा होता. ‘केसरी’ने तो पुण्याच्या वाचकांपुढे मांडला. धर्मनिरपेक्ष शाळा म्हणून ज्यांनी सदनास पाठबळ दिले होते त्यांच्या मनात संशय शिरला; वाद वाढत जाऊन १८९३ मध्ये रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. त्यात रमाबाईंच्या वर्तनाचा भाग किती आणि मजकुराचा किती, ह्याची चर्चा चरित्रकारांनी केली आहे. समीक्षेच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही की साता समुद्रांपलीकडच्या वाचकासाठी लिहिलेल्या ओळी ह्या वेळी ज्यांच्याविषयी लिहिल्या होत्या त्यांनीच वाचल्या. बाणकोट-हर्णैच्या काळी हे घडण्याचा संभव फारसा नव्हता. छापखाना, टपाल आणि इंग्रजी शिकलेली पिढी ह्यांनी तो निर्माण केला.

रत्नागिरी जिल्ह्यातच, करजगाव येथे जन्मलेले नारायण वामन टिळक ह्यांचे उदाहरण ह्या ओघात आठवते. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या ह्या कवीने १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा संकल्प केला. परकीय वर्गणीदारास हिशेब देत बसण्याऐवजी देशी माणसांशी देशी भाषेत बोलावे, हा त्यांच्या त्या निर्णयाचा गाभा होता. त्यांच्या अभंगांना मिळालेला घरचा वाचक रमाबाईंच्या प्रवासवृत्तास मात्र दीर्घकाळ लाभला नाही.

तिकडच्या वाचकाची कथा ह्याहून वेगळी आहे. इंग्रजी पुस्तक अमेरिकेत निघताच हजारोंनी खपले. अमेरिकन समाजाविषयी मराठीत लिहिलेले पुस्तक त्या समाजास वाचता यावे असे इंग्रजी भाषांतर, मीरा कोसंबी ह्यांचे, २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे मूळ पुस्तकानंतर ११४ वर्षांनी.