दोन ‘चि’: मनाच्या अकराव्या श्लोकाविषयी

समर्थ रामदासांच्या (१६०८–१६८१) मनाच्या श्लोकांपैकी अकराव्याचा पूर्वार्ध म्हणीसारखा रूढ झाला आहे. सर्वस्वी सुखी असा जगात कोणी नाही, असे सांत्वन म्हणून तो उद्धृत होतो. परंतु मूळ वाक्य विधानार्थी नसून प्रश्नार्थी आहे, आणि उत्तर शोधण्याचे काम मनावरच सोपविले आहे. हा भेद गौण नव्हे. ‘दुःख कोणाला चुकले आहे?’ असे दुसऱ्याने सुनावले की दुःखिताचे तोंड बंद होते. तेच त्याने स्वतः शोधून पाहिले की त्याचे एकाकीपण ओसरते. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये आत्मकरुणेची तीन अंगे मांडली. त्यांपैकी समान मानवतेची जाणीव ती हीच.

मात्र नेफ यांच्या मांडणीत पूर्वसंचित नाही, श्लोकाच्या उत्तरार्धात ते आहे. दोन्ही अर्धांत द्वितीयपुरुषी सर्वनामाला ‘चि’ हे अवधारणार्थक अव्यय जोडलेले आढळते. पहिला ‘चि’ मनाला शोधक ठरवितो, दुसरा कर्ता. दुसऱ्यात आरोप आहे काय? संचिताचा नियम सर्वांस सारखाच लागू असल्याने, आधी जग शोधून आलेल्या मनाला आपला भोग ही एकट्यालाच झालेली शिक्षा वाटत नाही. अर्धांचा क्रम उलटा असता तर हाच श्लोक आत्मनिंदेचा झाला असता.

तथापि ज्याला पूर्वसंचित मान्य नाही, त्याच्या कानी दुसरा ‘चि’ आरोपाचाच राहील. श्लोक शिकविताना ही मर्यादा झाकू नये.