हेरातची बादली : अलंकरण आणि अर्थ

मध्ययुगीन इस्लामी जडावकामाचे विवेचन करताना ‘रिक्त जागेचे भय’ हे त्यातील अलंकरणाचे मूळ कारण मानण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. पृष्ठभाग मोकळा राहिलेला दिसत नाही, त्याअर्थी तो केवळ भरावयाचा म्हणून भरला, असा हा तर्क होय. सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटेज संग्रहालयातील, बोब्रिन्स्की या नावाने ओळखली जाणारी बादली पाहता हा तर्क टिकत नाही.

हिजरी 559 च्या मोहरममध्ये, म्हणजे इसवी सन 1163 च्या अखेरीस, ही बादली हेरात येथे सिद्ध झाली. ओतीव धातूत चर कोरून त्यांत चांदी व तांबे ठोकून बसविले आहे. अंगावर एकाखाली एक पाच पट्टे आहेत. पहिला, तिसरा व पाचवा लेखांचा. मधले दोन शिकारीचे आणि करमणुकीचे. सर्वांत वरच्या पट्ट्यात अक्षरांच्या उभ्या रेषांची टोके मानवाकृती झाली आहेत. दृष्टी तेथे वाचन आणि दर्शन यांमध्ये क्षणभर घुटमळते. हे घुटमळणे कारागिराला अभिप्रेत असावे. कारण लेख आणि चित्र यांचा क्रम त्याने अन्यत्र काटेकोरपणे सांभाळला आहे.

या पट्ट्यांतील मजकूर धन्यासाठी केलेल्या रूढ शुभेच्छांचा आहे. तो परिचित असल्यामुळेच अक्षरांना क्रीडेची मोकळीक मिळाली, असे म्हणता येईल. व्यक्तींची नावे मात्र काठावर आहेत. बनवून घेणारा अब्दुर्रहमान, ओतकाम करणारा मुहम्मद आणि जडाव करणारा हेरातचा नक्काश मसऊद यांचा तेथे पृथक् निर्देश होतो. ज्याच्यासाठी ती घडविली तो राजा नसून झंजानचा एक प्रतिष्ठित व्यापारी आहे. नक्षीकाराला स्वतंत्र नाव देणाऱ्या समाजाने नक्षीला निव्वळ भरताड मानले असेल, हे संभवनीय वाटत नाही.

एका पात्रावरून सर्व परंपरेचा निर्णय करता येणार नाही, हे खरे. तथापि शुजा इब्न मना याने 1232 मध्ये मोसूल येथे घडविलेल्या, सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या ब्लाका सुरईवरही दाट भौमितिक नक्षीच्या भूमीवर प्रसंगचित्रांची पदके स्पष्टपणे वेगळी उठून दिसतात. तेव्हा दाटी हे या कलेचे बाह्य लक्षण असून रचना हे तिचे तत्त्व आहे. समीक्षेने प्रथम तिचाच शोध घेतला पाहिजे.