पुस्तकातले बल आणि किल्लारीचे माळवद

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ महत्तेचा (वर्तमानपत्रांच्या भाषेत ४.५ रिश्टरचा) भूकंप झाला. नांदेडमध्येही तो चांगलाच जाणवला. माझी बहीण तिथे राहते. अर्ध्या तासात भाचीचा फोन आला, "मामा, आपलं घर पडेल का?" ती तेव्हा नववीत होती, विज्ञानात पैकीच्या पैकी गुण मिळवणारी. मी म्हटले, "घरावर किती जोर येतो ते तुलाच काढता येईल. गतीचे नियम झालेत ना?" त्यावर ती जराशी वैतागून म्हणाली, "ते बलाचं गणित आहे, मामा. मी भूकंपाचं विचारतेय."

शिक्षकमित्रहो, शालेय अभ्यासक्रमात विज्ञानाचे स्थान काय, या प्रश्नावर मी बरीच भाषणे ऐकली आहेत, काही केलीही आहेत. पण या एका वाक्याने तो प्रश्न मला जितका स्वच्छ दिसला, तितका पूर्वी कधी दिसला नव्हता.

जागा आहे, पण कशासाठी?

विज्ञानाला अभ्यासक्रमात जागा कमी आहे, अशी तक्रार आता कोणी करू शकणार नाही. पहिल्या दहा वर्षांच्या शिक्षणात विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचे असावे, असे कोठारी आयोगाने (१९६४–६६) सुचवले आणि ते बऱ्याच अंशी अमलातही आले. आपल्या दहावीला २०१८ पासून विज्ञान-तंत्रज्ञानाची दोन पुस्तके, ४० गुणांच्या दोन लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिकाचे २० गुण अशी मांडणी आली. तास आहेत, पुस्तके आहेत, गुण आहेत.

माझ्या भाचीचा भूकंप मात्र या मांडणीत तीन ठिकाणी विखुरला होता. बल, संवेग आणि जडत्व हे नववीच्या विज्ञानात 'गतीचे नियम' या धड्यात. भूकंपलहरी भूगोलात 'अंतर्गत हालचाली' या धड्यात. आणि धक्का बसल्यावर काय करावे, ते आपत्ती व्यवस्थापनात. तिन्ही तिचे पाठ होते. त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे तिला कोणत्याही परीक्षेने कधी विचारले नव्हते. म्हणून तिलाही ते स्वतःला विचारावेसे वाटले नाही.

न लिहिला गेलेला धडा

हा संबंध जिथे हजारो माणसांच्या जिवाशी आला, ते ठिकाण लातूर जिल्ह्यातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्री उशिरा झोपलेली गावे पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हादरली. किल्लारीच्या या भूकंपाची महत्ता ६.२ होती. यापेक्षा मोठे भूकंप जगात दरवर्षी होतात. तरीही इथे सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. का?

मी तेव्हा लातूरला सातवीत होतो. शाळा पुन्हा भरली तेव्हा राहिलेल्या धड्यापासून पुढे शिकवणे सुरू झाले. त्यात शिक्षकांचा दोष नव्हता. त्यांच्यातले काही जण तर रात्रंदिवस मदतीच्या कामात होते. पण ज्या प्रश्नाने सारा जिल्हा झोपत नव्हता, तो प्रश्न विज्ञानाच्या तासाचा आहे असे कोणालाच वाटले नाही. उत्तर खरे तर नववीच्या पुस्तकात होते.

तेच गणित करून पाहू. दहा फूट बाय दहा फुटांची खोली घ्या. वर माळवद, त्यावर एक फूट जाडीचा मातीचा थर. शंभर घनफूट माती म्हणजे अंदाजे साडेचार टन, ४,५०० किलो. आता जमीन बाजूला सरकली, समजा २ मीटर प्रतिसेकंद वर्ग इतक्या त्वरणाने. जडत्वामुळे छप्पर जागीच राहू पाहते. त्याला सोबत ओढून नेण्याचे काम भिंतीचे. त्यासाठी लागणारे बल ९,००० न्यूटन. तेवढ्याच खोलीवर पत्रे असते, तर वजन सुमारे ५० किलो आणि बल १०० न्यूटन. छपरापायी भिंतीवर येणारा आडवा जोर नव्वद पटींनी कमी.

भिंतही कशी? दोन-अडीच फूट जाड, पण आतल्या आणि बाहेरच्या अशा दगडांच्या दोन थरांची, मध्ये माती आणि गोटे. दोन्ही थर एकमेकांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसत. हादऱ्यात थर सुटले आणि भिंत फुगून कोसळली. ज्या घरांत माळवद लाकडी खणांवर तोललेले होते, त्यांपैकी कित्येक ठिकाणी भिंती पडूनही खांब उभे राहिले.

इथे घाईने 'अडाणी बांधकाम' असा शेरा मारू नये. एक फूट मातीचे छप्पर मराठवाड्याच्या मे महिन्यात घर थंड ठेवते. माती तापायला वेळ घेते, हे उष्णतेच्या धड्यातले विज्ञान त्या गवंड्याला अनुभवाने ठाऊक होते. उन्हाळा दरवर्षी येतो, भूकंप त्याने पाहिला नव्हता.

आणि शास्त्रज्ञांनी तरी कुठे पाहिला होता? १९८४ च्या भारतीय मानकातील भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. १९९२ च्या ऑक्टोबरपासून किल्लारी परिसरात लहान धक्के बसत होते, तरी दख्खनचे पठार स्थिर, ही समजूत पक्की होती. भूकंपानंतर राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. वर ३३८ मीटर काळा पाषाण, म्हणजे लाव्हाचे थर, आणि त्याखाली थोड्याशा गाळानंतर अतिप्राचीन स्फटिकमय खडक. २००२ मध्ये मानक बदलले. पहिला विभाग काढून टाकण्यात आला आणि हा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

विज्ञान आपली चूक कशी ओळखते आणि कशी सुधारते, हे सांगायला आपण गॅलिलिओकडे जातो. किल्लारी लातूरपासून जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. माझी अभ्यासक्रमावरची मुख्य टीका हीच आहे. त्यात सापडलेली उत्तरे भरपूर आहेत. उत्तर चुकल्यावर काय करतात, याला तास नाही.

लातूर पॅटर्नचे काय?

याच लातूरचे नाव गेली तीनेक दशके दुसऱ्या कारणाने घेतले जाते. मराठवाड्यातली, शेतकऱ्यांच्या घरची मुले राज्यात कोणाहून कमी नाहीत, हे लातूर पॅटर्नने दाखवून दिले. नांदेडनेही तीच वाट धरली. त्या मेहनतीची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही. मी स्वतः त्याच मुशीतून आलो.

परंतु वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत १८० प्रश्न, ७२० गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. एका प्रश्नाला मिनिटभर. तिथे शंका घेणे परवडत नाही. प्रवेशासाठी चाळणी हवी, हे मान्य. माझा आक्षेप ती चाळणी आठवीपर्यंत खाली उतरण्याला आहे. पाचवी-सहावीच्या मुलालाही 'यातला कोणता पर्याय' एवढेच विचारले जाऊ लागले, तर विज्ञान हे गाव सोडून जाण्याचे तिकीट ठरते. गाव समजून घेण्यासाठी त्याचा उपयोग होतो, हे त्याला कळतच नाही. आणि वर्गातली जी बहुसंख्य मुले डॉक्टर-इंजिनियर होणार नाहीत, शेती करतील, घरे बांधतील, ग्रामपंचायत चालवतील, त्यांच्या हाती काय लागते?

पोर्शन न वाढवता

"पोर्शन पुरा करताना दमछाक होते, त्यात हे कुठे बसवू?" असे मला नांदेडच्या एका बैठकीत एका शिक्षिकेने विचारले. प्रश्न रास्त आहे. म्हणून नवा धडा नको. फक्त उदाहरण बदलू आणि प्रात्यक्षिकाचे जे २० गुण अनेकदा वह्या तपासून दिले जातात, ते खऱ्या कामाला देऊ.

गतीचे नियम शिकवताना परातीत वाळू-मातीच्या आणि खड्यांच्या दोन भिंती रचा. एकीत मधूनमधून आरपार काड्या घाला. दोन्हींवर सारखे वजन ठेवा, खाली गोट्या घालून परात हलवा आणि हिसके मोजा. प्रत्येक गटाचा आकडा वेगळा येईल. का आला, यावर वाद होऊ द्या. खरा तास तोच. मग मुलांना जुन्या माळवदांची जाडी मोजून आणायला सांगा.

पाण्याचे तसेच. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाणीगाडी लातूरला आली, त्यात ५ लाख लिटर पाणी होते. शहर सुमारे ४ लाख वस्तीचे. माणशी किती, हे पाचवीचे मूल सांगेल: सव्वा लिटर. बोअर शेजारच्या शेतात लागते आणि आपल्यात कोरडे का जाते, हा प्रश्न मात्र काळ्या पाषाणातल्या भेगांपर्यंत नेईल. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे तर हा पाषाण संपून खालचा प्राचीन ग्रॅनाइट उघडा पडला आहे. किल्लारीत ज्यासाठी ३३८ मीटर खाली जावे लागले, त्याच प्राचीन कुळातल्या खडकावर तिथली मुले मधल्या सुट्टीत डबा खातात. त्यांना हे कोणी सांगितले आहे का?

भाचीने त्या दिवशी शेवटी गणित केले. घर आरसीसीचे असल्याने भिंत-छपराचा हिशेब तसाच लागू होईना, मग स्तंभ, सळ्या असे दहा प्रश्न निघाले. त्यांतल्या चारांची उत्तरे मलाही विचारून घ्यावी लागली. संध्याकाळी तिने पुन्हा फोन केला तो आजोळच्या जुन्या घराविषयी. त्याला माळवद आहे. "मामा, त्याच्यावर माती किती आहे, कोणी मोजलंय का?"

कोणी मोजली नव्हती. दिवाळीत आम्ही दोघे टेप घेऊन वर चढलो.